ऐकू येतंय, पण समजत नाही

दूरध्वनी खात्यात मी बत्तीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक ट्रंक एक्स्चेंजच्या कॅरिअर रूममध्ये. आमच्या तक्रारवहीत दोन प्रकारच्या नोंदी असत. पहिली, 'लाइन बंद'. ती सोपी. खांब पडला असेल, तार तुटली असेल, लाइनमन सायकलवर टांग टाकून निघायचा. दुसरी नोंद आली की माझ्या पोटात गोळा यायचा : 'आवाज येतो, शब्द कळत नाहीत.' ही तक्रार घेऊन दिवसच्या दिवस जात. मुंबईहून मुलगा ओरडतोय, इकडे रत्नागिरीत म्हातारी रिसीव्हर कानात खुपसून 'कोण रे, कोण?' करतेय, आणि तीन मिनिटं संपली म्हणून ऑपरेटर कॉल तोडतेय. आवाज पोचवणं आणि बोलणं पोचवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मी तिथं शिकलो.

निवृत्तीनंतर हॅम रेडिओचा जुना नाद पुन्हा जडला. एका पहाटे २० मीटर बँडवर अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला एक म्हातारा भेटला. नाव सांगत नाही, तो आता माझा दोस्त आहे. बोलता बोलता म्हणाला, 'मी घरच्या घरी पाणबुडी बांधली आहे.' मला वाटलं बँड खराब आहे, मीच चुकीचं ऐकलं. पण खरंच त्यानं बांधली होती. एका माणसाची, तळ्यात उतरायची. तिकडं असल्या हौशी लोकांची परंपरा आहे. अमेरिकी नौदलातून निवृत्त झालेले जॉर्ज किट्रेज नावाचे एक अधिकारी मेन राज्यात असल्या छोट्या पाणबुड्या बांधत. त्यांच्या के-२५० या नमुन्यातला आकडा म्हणजे फूट. अडीचशे फुटांपर्यंत जायची ती. आमच्या गावच्या खोल विहिरीची चार-पाच पट. 

मी विचारलं, 'खाली गेल्यावर वरच्यांशी बोलतोस कसा?'

बोलत नाही, म्हणाला. पाणबुडीला दोर, दोराला नारिंगी तरंगता गोळा; तो बघत बायको होडी वल्हवते. त्याला वर बोलवायचं असलं की ती लोखंडी पाइप पाण्यात बुडवून त्यावर हातोडीचे तीन ठोके मारते. तीन ठोके म्हणजे वर ये. त्याला तिला काही सांगायचं असेल तर? त्याची सोय नाही. 'लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, एवढा संवाद पुरतो,' म्हणाला. मग हळूच विचारलं, 'तुमच्या त्या टेलिफोनच्या युक्त्यांतली एखादी पाण्यात चालेल का? स्वस्तात?'

त्या एका शब्दामुळे, 'स्वस्तात', मी या विषयाच्या मागे लागलो.

पाण्यात ऐकण्याला काही खर्च नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. माझे मामा जयगडचे. होडी थांबवून ते वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचे आणि मूठ कानाला लावायचे. 'घोळ बोलतेय,' म्हणायचे. घोळ मासा पोटातल्या भोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला, स्नायूंनी धडका देऊन ढोल वाजवल्यासारखा आवाज काढतो. लाकडातून, नळीतून पाण्याचा आवाज कानात येतो हे लिओनार्दो दा विंचीनंही पंधराव्या शतकात लिहून ठेवलं आहे : जहाज थांबवा, नळीचं एक टोक पाण्यात, दुसरं कानाला, लांबची जहाजं ऐकू येतील. मामांनी लिओनार्दो वाचलेला नव्हता.

पुढे १८२६ साली स्वित्झर्लंडच्या दानिएल कोलादोननं जिनिव्हाच्या सरोवरात रात्री एक प्रयोग केला. एका होडीखाली पाण्यात घंटा. ती वाजते त्याच क्षणी वर बंदुकीच्या दारूचा भडका उडेल अशी जोडणी. साडेतेरा किलोमीटरवर दुसऱ्या होडीत कोलादोन पाण्यात बुडवलेलं कर्ण्यासारखं नळकांडं कानाला लावून बसलेला. उजेड दिसला की घड्याळ सुरू, घंटा ऐकू आली की बंद. साडेनऊ सेकंदांच्या आत आवाज पोचला. ८ अंश तापमानाच्या पाण्यात सेकंदाला १,४३५ मीटर असा वेग निघाला, हवेच्या चौपटीहून जास्त. आजच्या उपकरणांनीही त्यात फारसा फरक पडत नाही. सगळी सामग्री म्हणजे घंटा, पत्र्याची नळी, चिमूटभर दारू.

या घंटेचा धंदा झाला तो अमेरिकेत. १९०१ साली बोस्टनला सबमरीन सिग्नल कंपनी निघाली. धोक्याच्या जागी उभ्या असलेल्या दीपनौकांखाली घंटा टांगायच्या आणि जहाजाच्या पोटात दोन्ही अंगांना पाण्याच्या टाक्या बसवून त्यांत मायक्रोफोन सोडायचे. ते मायक्रोफोन आमच्याच गोत्रातले, टेलिफोनमधल्या कोळशाच्या भुकटीचे. नाविक कानाला रिसीव्हर लावून कधी डावी टाकी, कधी उजवी टाकी ऐकायचा. ज्या बाजूला आवाज मोठा त्या बाजूला खडक. टायटॅनिक बुडाल्यावर दोन वर्षांनी, १९१४ मध्ये, रेजिनाल्ड फेसेंडननं घंटेच्या जागी विजेवर थरथरणारी भलीमोठी तबकडी आणली, तिच्यातून मोर्सचं कडकट्ट पाठवलं, आणि हिमनगावरून परत आलेला प्रतिध्वनीही ऐकला. पण हे सगळे ठोकेच, माझ्या मित्राच्या बायकोच्या हातोडीचे थोर पूर्वज.

शब्द खोल पाण्यात गेले ते तारेनं. विल्यम बीबी आणि ओटिस बार्टन १९३० पासून बर्म्युडाजवळ पोलादी गोळ्यात बसून खाली जात. १९३४ साली ते ९२३ मीटरपर्यंत गेले. गोळ्याला पोलादी दोर, सोबत रबरी नळीत विजेची आणि टेलिफोनची तार. वर जहाजावर ग्लोरिया हॉलिस्टर ही प्राणिशास्त्रज्ञ बाई कानाला यंत्र लावून बीबी जे जे पाहतोय ते शब्दन्‌शब्द उतरवून घ्यायची. त्या गोळ्यातून १९३२ साली रेडिओवर थेट प्रक्षेपणसुद्धा झालं. लाइन इतकी स्वच्छ होती, कारण ती खरोखरच लाइन होती.

पण पाणबुडी म्हटली की तार तुटलीच. ती फिरणार, वळणार. मग लोक विचारतात, रेडिओ का नाही? खारं पाणी वीजवाहक. रेडिओची लहर त्यात शिरते न शिरते तोच मरते. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आपल्या नौदलाचं आयएनएस कट्टबोम्मन केंद्र आहे, तिथून अतिशय संथ लहरी पाण्यात थोड्या खोलीपर्यंत पोचतात. त्यासाठी आकाशाला भिडणारे मनोरे लागतात, आणि संदेश एकाच दिशेनं जातो. तळ्यातल्या म्हाताऱ्याला त्याचा काय उपयोग? राहिला तो आवाजच.

इथून गोष्ट माझ्या घरात येते. १९४५ च्या सुमारास अमेरिकी नौदलानं पाण्यातला बिनतारी टेलिफोन बनवला. यादीतलं नाव यूक्यूसी, पण खलाशांनी तिचं बारसं केलं : गर्ट्रूड. आपल्याकडं एखाद्या खणखणीत आवाजाच्या यंत्राला 'गोदाक्का' म्हणावं तसं. मी तिचं वर्णन पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं. हा तर आमचा कॅरिअर!

थोडं सोपं करून सांगतो. माणसाचं बोलणं ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ या पट्ट्यात मावतं. एका तारेच्या जोडीवर एकाच वेळी तीन-चार संभाषणं घालायची असतील तर प्रत्येकाला वेगळ्या मजल्यावर चढवावं लागतं. एक जसंच्या तसं, दुसरं काही हजार हर्ट्‌झ वर, तिसरं आणखी वर. समोरच्या टोकाला तेवढंच खाली उतरवायचं. चढवताना दोन जुळी प्रतिबिंबं तयार होतात, त्यांतलं एक कापून टाकायचं, म्हणजे जागाही वाचते आणि ताकदही. याला सिंगल साइडबँड म्हणतात. गर्ट्रूडनं तेच केलं. बोलणं ८ किलोहर्ट्‌झच्या मजल्यावर चढवलं आणि तारेऐवजी समुद्रात ओतलं. खांबांवरच्या उघड्या तारांवरून आमचे तीन चॅनेलचे जुने कॅरिअर चालत, ते याच आळीत राहायचे.

चढवणाऱ्याचा आणि उतरवणाऱ्याचा मजला मात्र अगदी एक हवा. शंभर-दोनशे हर्ट्‌झचा फरक पडला की माणूस कार्टूनमधल्या बदकासारखा बोलू लागतो. आमच्याकडं एक व्यापारी तक्रार घेऊन आला होता, 'माझ्या भावाच्या आवाजात भूत बोलतंय.' भूत नव्हतं. ऑसिलेटर सरकला होता.

गर्ट्रूडच्या कर्तबगारीचा दिवस म्हणजे २३ जानेवारी १९६०. झाक पिकार आणि डॉन वॉल्श 'त्रिएस्त' या खोल डुबकीच्या यानातून मारियाना गर्तेच्या तळाला, जवळपास ११ किलोमीटर खाली पोचले. उतरायला पावणेपाच तास लागले, तिथं ते जेमतेम वीस मिनिटं होते. पण तिथून ते वरच्या जहाजाशी बोलले. शब्द वर पोचायला सात सेकंद, उत्तर यायला आणखी सात. आमच्या सबस्क्रायबरला चौदा सेकंद शांतता मिळाली असती तर त्यानं फोन आपटला असता. तरी हा पाण्यातल्या बोलण्याचा सर्वांत सोपा प्रकार होता. आवाज सरळ वर जात होता, वाटेत भिंत नाही, खडक नाही.

आडवं बोलायचं तर समुद्र सहज बोलू देत नाही. १९३० च्या दशकात अमेरिकी नौदल क्युबाच्या ग्वांटानामोजवळ पाण्यातल्या प्रतिध्वनीचे प्रयोग करत होतं. सकाळी यंत्र उत्तम चालायचं, दुपारी पाणबुडी समोर असून ऐकू यायची नाही. पहिला संशय कुणावर? यंत्रावर बसलेल्या पोरांवर. जेवून डुलकी काढत असतील! हे वाचून मला माझे एक साहेब आठवले, लाइन बिघडली की त्यांचाही पहिला संशय ड्यूटीवरच्या माणसाच्या जेवणावर असे. खरं कारण उन्हाचं निघालं. दुपारपर्यंत वरचं पाणी तापतं, गरम पाण्यात आवाज जास्त वेगानं धावतो, म्हणून तो वाकून खालच्या थंड पाण्याकडं वळतो. थोड्या अंतरावर एक सावली तयार होते आणि तिच्यात बसलेल्याला काही ऐकू येत नाही. पोरं जागीच होती.

आणि मग १० एप्रिल १९६३. अमेरिकेची अणुपाणबुडी थ्रेशर खोल पाण्याच्या चाचणीला गेली होती. वर 'स्कायलार्क' हे मदतनौकेचं काम करणारं जहाज, मध्ये फक्त गर्ट्रूड. सकाळी सव्वानऊच्या आसपास खालून शब्द आले की किरकोळ अडचण आहे, नाक वर आहे, टाक्यांतलं पाणी बाहेर फेकायचा प्रयत्न करतोय. वरचा कप्तान पुन्हा पुन्हा विचारत राहिला, पाणबुडी ताब्यात आहे ना? मग तुटक, चिरडलेले आवाज. शेवटच्या निरोपातले एक-दोन शब्द कुणाला कळले, बाकीचे कुणालाच नाहीत. चौकशीत एका खोलीत उभं राहून एकच आवाज ऐकलेल्या माणसांनी वेगवेगळं सांगितलं. १२९ माणसं गेली. साठ वर्षं होऊन गेली तरी त्या चिरडलेल्या शब्दांवर वाद चालतो. तक्रारवहीतली ती दुसऱ्या प्रकारची नोंद मला इतकी भीषण कधी दिसली नव्हती.

लहान पाणबुडीची गोष्ट मात्र सुटकेची आहे. २९ ऑगस्ट १९७३ ला आयर्लंडच्या नैऋत्येला 'पायसिस-३' ही दोघांची पाणबुडी वर आल्यावर मागच्या कप्प्यात पाणी शिरून बुडाली आणि ४८० मीटरवर जाऊन बसली. आत रॉजर चॅपमन आणि रॉजर मॅलिन्सन. काम काय करत होते? अटलांटिकच्या तळाशी टेलिफोनची केबल पुरत होते! म्हणजे जातभाईच. सहा फुटांच्या गोळ्यात अंधारात, थंडीत ७६ तास. वरच्या जहाजाशी बोलायला पाण्यातला टेलिफोन होता, पण आपसात ते फारसं बोलले नाहीत, कारण बोलण्यानं प्राणवायू खर्च होतो. बाहेर काढलं तेव्हा बारा मिनिटांपुरता उरला होता. शब्द किती महाग असू शकतो, याचा याहून नेमका हिशेब मला ठाऊक नाही.

पण माझ्या मित्राला 'स्वस्तात' हवं होतं. गर्ट्रूड महाग का, याचा मी बराच विचार केला. तिच्यातली विद्या महाग नाही; सिंगल साइडबँड १९१५ पासूनची. महाग आहे ते ८ किलोहर्ट्‌झवर जोरात बोलणारं तोंड. वारंवारता जेवढी कमी तेवढी थरथरणारी तबकडी मोठी, ताकद जास्त, आणि ग्राहक म्हणजे जगातली मोजकी नौदलं. तोंड लहान करायचं तर मजला वर न्यायला हवा. वर नेलं की समुद्र आवाज खाऊ लागतो. कोण खातं माहीत आहे? समुद्रातलं मॅग्नेशियम सल्फेट. म्हणजे एप्सम मीठ, जुलाबाचं! साध्या पाण्यापेक्षा समुद्र जास्त आवाज का गिळतो हे कोडं दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलं, आणि आरोपी औषधाच्या कपाटात सापडला. गंमत म्हणजे पाण्यातल्या ध्वनियंत्रांच्या पोटात जे तेल भरतात ते एरंडेल. आवाजाच्या दृष्टीनं त्याचा स्वभाव समुद्राच्या पाण्याशी जवळपास जुळतो, म्हणून तबकडीचा थरथराट न अडखळता बाहेर जातो. एक जुलाब आवाज पोचवतो, दुसरा गिळतो. माझ्या आजीला हे सांगायला हवं होतं. दर रविवारी एरंडेल पाजणारी ती बाई केवढ्या शास्त्रावर बसली होती!

स्वस्ताईची वाट पाणबुडीवाल्यांना पाणबुड्यांनी दाखवली, म्हणजे डायव्हरांनी. तेल-विहिरींवर, बंदरांत काम करणाऱ्या आणि हौशी डायव्हरांसाठी पूर्ण चेहऱ्याचे मुखवटे आणि त्यांत बसणारे छोटे बोलके संच निघाले. त्यांतल्या ओशन टेक्नॉलॉजी सिस्टिम्स आणि ओशन रीफ या नावाजलेल्या दोन्ही कंपन्यांच्या संचांची पहिली वाहिनी आहे ३२.७६८ किलोहर्ट्‌झ. हा आकडा वाचून मी खुर्चीतून उठलो. घड्याळं उघडून पाहिलेल्या कुणालाही तो तोंडपाठ असतो. क्वार्ट्‌झच्या बहुतेक घड्याळांत एक चिमुकलं स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतं. त्याला पंधरा वेळा निम्मं केलं की एक उरतो, आणि सेकंदकाटा एक घर सरकतो. घड्याळांच्या धंद्यानं हे स्फटिक इतकं अचूक आणि इतकं स्वस्त करून ठेवलं की आज ते काही रुपयांत मिळतं. दोन टोकांचे मजले तंतोतंत जुळवायचा जो प्रश्न आमच्या कॅरिअर रूममध्ये कपाटाएवढा होता, तो तांदळाच्या दाण्याएवढा झाला. त्या पट्ट्यात आवाज फार लांब जात नाही, पण तळ्यातल्या माणसाला किती लांब बोलायचं असतं?

मग मी ओटीवरच्या बंद पडलेल्या घड्याळातलं स्फटिक काढलं. दुसरं भंगारवाल्याकडच्या घड्याळातलं. खेळण्यांत पीं पीं करणाऱ्या पिझो तबकड्या, औषधाच्या दोन बाटल्या, त्यांत एरंडेल. सौभाग्यवतींनी बाटल्या पाहिल्या आणि काही विचारलं नाही.

पहिली चाचणी मूर्खासारखी विहिरीत घेतली. भाच्याला माइकवर बसवलं, म्हटलं आकडे म्हण. सात, आठ, साठ : तिन्ही एकच ऐकू आले. जांभ्याच्या भिंतींवरून प्रत्येक शब्द आठ-दहा वेळा परतत होता आणि मागचा पुढच्यावर चढत होता. त्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. नौदल खोल समुद्रात बोलतं, तिथं प्रतिध्वनीला दूरवर जायला जागा असते. गरिबाची पाणबुडी उथळ तळ्यात बुडते, आणि उथळ पाण्यातच शब्दांचा सर्वांत जास्त चुराडा होतो. ज्याच्याकडे पैसा कमी, त्याच्याच वाट्याला वाईट लाइन. खात्यातही हेच पाहिलं होतं.

नंतर मेव्हण्याची होडी घेऊन भाट्याच्या खाडीत गेलो. तिथं वेगळाच गोंधळ : हेडफोनमध्ये कढईत मोहरी टाकल्यासारखं तडतड. मला वाटलं सोल्डर सुटलं. ते झिंगे होते, चिमटा फटकन मिटून बुडबुडा फोडणारे. उबदार उथळ पाण्यात ते अहोरात्र चालू असतात, आणि युद्धात पाणबुड्या ऐकायला बसलेल्यांनाही त्यांनी असंच छळलं होतं. तरी दीडशे फुटांवरून भाच्याचा आवाज आला. सावकाश, एकेक शब्द तोडून बोलला की कळत होतं. आकडे एकेक अंकानं, 'पाच-नऊ', आमच्या ट्रंक बोर्डाच्या जुन्या पद्धतीनं. एकोणसाठ म्हणायचं नाही.

आकृती मित्राला पाठवली. त्यानं तिकडं माझ्यापेक्षा नीटनेटकं बांधलं. त्याच्या तळ्याचं पाणी गोडं, एप्सम मीठ नाही, झिंगे नाहीत. दोन महिन्यांनी २० मीटरवर भेटला. चाललं म्हणाला, बायको होडीत माइक घेऊन बसली होती, मी चाळीस फुटांवर.

'पहिलं वाक्य काय बोलली?'

'वाक्य नाही. तीन वेळा म्हणाली, वर ये.'

'मग तू?'

'मी म्हणालो, आवाज येतोय, पण शब्द कळत नाहीत.'